ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत घालण्याआधी

वाचकाचं पत्र

स.न.वि.वि.
भिलवडीत आमची गूळ-हळदीची जुनी वखार आहे. आजोबांनी १९५१ साली शेवरलेटची लॉरी घेतली होती. माल घेऊन ती सांगलीच्या पेठेत जायची, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणलाही जायची. पुढे ती वखारीतच उभी राहिली. २०१९ च्या पुरात बॉनेटपर्यंत पाणी आलं. यंदा घरात ठरलं की लॉरी पुन्हा रस्त्यावर आणायची. मिस्त्री चांगले मिळालेत. इंजिन खाली उतरवलंय, हेड उघडलंय आणि क्रँक हाताने मोकळी फिरते. अडलंय ते रंगावर. मिस्त्री म्हणतात, चांदी मारू, जुन्या गाड्यांना तीच शोभते. पुण्याचा पुतण्या मोबाईलवर फोटो दाखवतो, त्यात शेवरलेटचं इंजिन भडक केशरी. थोरले काका ऐंशीच्या पुढचे आहेत. ते ठामपणे सांगतात की इंजिन हिरवं होतं, मी स्वतः पुसलंय. मला स्वतःला लाल आवडतो. येत्या सोमवारी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, कॉस्टिक सोड्याच्या टाकीत घालून स्वच्छ करून आणायचा आणि लगेच रंग मारायचा असं ठरलंय. खंडेनवमीला लॉरीची पूजा करायची आहे. कोणता रंग द्यावा?
— एक वाचक, भिलवडी, ता. पलूस

उत्तर

नमस्कार.

हे वाचून झालं की आधी मिस्त्रींना फोन करा आणि सोमवारचं टाकीचं काम थांबवा. रंगाचं आपण सविस्तर बोलू, पण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात भरवशाचं उत्तर आत्ता त्या ब्लॉकवर, काळ्या चिकट राडीखाली आहे आणि कॉस्टिकमध्ये ते तासाभरात निघून जाईल. मग तुमच्याकडे उरतील ती फक्त चार माणसांची चार मतं.

माझं मत विचाराल तर ट्रकमधल्या त्या काळच्या शेवरलेट सिक्स सिलिंडरला कारखान्यातून राखाडी रंग यायचा. चांदी नाही, केशरी नाही, लालही नाही. १९५१ च्या लॉरीत २१६ घनइंची इंजिन असेल, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं, किंवा जड लॉरीत बसवायचे ते २३५ घनइंची. ट्रकसाठी दोन्हीही राखाडीच. पण हे झालं सर्वसाधारण. तुमची लॉरी सत्तर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात आज बसलेलं इंजिन आजोबांनी घेतलं तेव्हाचंच आहे, हे अजून कुणी तपासलेलं दिसत नाही. आधी तेवढं करू.

इंजिनाचा नंबर उजव्या अंगाला, डिस्ट्रिब्युटरच्या शेजारी ब्लॉकवर ठोकलेला असतो. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. तिथली राड रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. तारेचा ब्रश लावू नका. तो आकडा जुन्या आरसी बुकाशी ताडून बघा. बुक जुनं असेल तर त्यावर जिल्हा ‘दक्षिण सातारा’ दिसेल, कारण १९४९ पासून १९६० पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नाव तेच होतं. तसा कागद सापडला तर जिवापाड जपा, त्यावरचा इंजिन नंबर सगळ्यात जुना आणि म्हणून सगळ्यात महत्त्वाचा.

ठोकलेल्या नंबराखेरीज ब्लॉकवर ओतकामातच उठून आलेली अक्षरंही असतात. त्यात एक बारीक तारीख असते. पहिलं इंग्रजी अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं पुढे. नंतर दिवस आणि शेवटी वर्षाचा एकच आकडा. शून्य असेल तर १९५०, एक असेल तर १९५१. लॉरी घेतल्याच्या थोडं आधीची तारीख निघाली तर इंजिन मूळचं असण्याची शक्यता फार मोठी. पाच-सात वर्षं पुढची निघाली तर मधे कधीतरी ब्लॉक बदललाय. आणि एक बघून घ्या: त्या काळचं बेडफर्डचं सिक्स सिलिंडर इंजिन दिसायला शेवरलेटच्या इतकं जवळ होतं की लांबून पाहिलं तर अनुभवी माणूसही चकेल. दोन्ही जनरल मोटर्सचीच अपत्यं. मुंबईत शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सचा कारखाना होता, पेट्यांतून आलेले भाग तिथे जोडून लॉऱ्या बाहेर पडायच्या. १९५४ मध्ये तो बंद झाल्यावर शेवरलेटचे सुटे भाग मिळणं अवघड होत गेलं आणि हाताला लागेल ते इंजिन बसवून लॉऱ्या चालवल्या गेल्या. तुमच्याही बॉनेटखाली असं काही झालं असेल तर लाजायचं कारण नाही, पण रंग मग त्या इंजिनाचा द्यायचा, लॉरीच्या बिल्ल्यावर लिहिलेल्या नावाचा नाही.

आता मूळ रंग कसा शोधायचा ते. हे काम तुम्ही स्वतः करा. मिस्त्रींचा हात जलद असतो आणि इथे हात जलद चालून उपयोग नाही.

जिथे ऊन, पाणी, चिंधी आणि ब्रश पोचत नाही तिथे मूळ रंग टिकतो. डायनामोची पट्टी ब्लॉकला जिथे टेकते त्याखाली. इंजिन ज्या कानांवर बसतं त्यांच्या मागे. वॉटर पंप सोडवल्यावर त्याच्या कडेला. क्लच हाउसिंग आणि ब्लॉक यांच्या सांध्यात. साईड कव्हरच्या खालच्या वळलेल्या ओठात, जिथे ग्रीस साचून दगड झालेलं असतं. वर्षानुवर्षं साचलेली ही राड रंगाची शत्रू वाटते, पण तिनेच तो जपलेला असतो. पुराचं म्हणाल तर कृष्णेचा गाळ आधीच्या ग्रीसवर बसलाय, ग्रीसच्या खाली नाही. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तुमच्या वखारीत काय झालं असेल ते समजतं. तरी ग्रीसखालचा रंग त्या पाण्यातूनही वाचलेला असणार असं मला वाटतं.

लाकडी चमचा किंवा प्लॅस्टिकची पट्टी घेऊन वरची राड खरवडा. मग रॉकेल, मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. आता सहाशे नंबरचा वॉटर पेपर नखाएवढा दुमडा, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि रुपयाएवढ्या जागेत बोटाने गोल गोल घासा. मधोमध लोखंड चमकेपर्यंत घासायचं आणि कडेला हलका हात ठेवायचा. कापलेल्या ओंडक्यावर वलयं दिसतात तसे एकाबाहेर एक रंग उघडे पडतात. सर्वांत बाहेरचा रंग शेवटचा. लोखंडाला लागून जो आहे तो पहिला. पाण्याचा थेंब टाका आणि सावलीत, दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली बघाल तर राखाडी आणि फिकट हिरवा यांत गल्लत होईल.

एकच कडक सूचना: हे घासकाम कोरडं करू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. ओल्याने घासलं की धूळ उडत नाही. निघालेली राड कागदावर घेऊन बाजूला ठेवा, वखारीत पोरंटोरं फिरत असतील तर त्यांना तिथून लांब ठेवा. जुन्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमध्ये आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, तेही कोरडं खरवडायचं नाही, हवा मारून उडवायचं तर मुळीच नाही.

एका जागेवर विश्वास ठेवू नका. ब्लॉक, हेड, टॅपेट कव्हर, साईड कव्हर, टायमिंग कव्हर, ऑईलचं चेंबर, सगळीकडे एकेक वलय काढा. यातूनच गोष्ट उलगडते. समजा ब्लॉकवर लोखंडाला लागून राखाडी निघाला, त्यावर हिरवा, त्यावर चांदी. मग विषय संपला: राखाडी कारखान्याचा, बाकीचे नंतरचे. समजा लोखंडाला लागून तांबूस तपकिरी थर आहे आणि त्यावर हिरवा. तो तांबूस थर बहुधा रेड ऑक्साइड, म्हणजे कधीतरी बोरिंगच्या, म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे करण्याच्या वेळी ब्लॉक पूर्ण उघडा करून प्रायमर मारून नव्याने रंगवलाय आणि ब्लॉककडून आता काही कळणार नाही. अशा वेळी चेंबरकडे जा. चेंबर सहसा कुणी घासत बसत नाही. आणि समजा ब्लॉक राखाडी पण हेडवर लोखंडाला लागूनच हिरवा, तर हेड बहुधा दुसऱ्या इंजिनाचं आहे. कुंभार्ली चढून-उतरून हेड तडकणं यात नवल नाही.

राखाडी ओळखताना घाई करू नका. उष्णता आणि तेल पिऊन राखाडी इनॅमल पिवळटतं, त्यावर हिरवट किंवा मातकट झाक येते. वरवर पाहून कुणी त्याला हिरवा म्हणेल. वलयाच्या आतल्या कडेला, थर ताजा कापला गेलाय तिथे खरा रंग दिसतो.

यावरून काकांकडे येतो. त्यांचं म्हणणं ‘वय झालंय’ म्हणून बाजूला सारू नका. त्यांनी हिरवं इंजिन पुसलं असेल तर ते हिरवंच होतं. प्रश्न एवढाच की कधी. १९५१ साली ते शाळकरी पोर असणार. इंजिन पुसण्याचं काम हातात आलं तोवर लॉरीचं एखादं बोरिंग होऊन गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे. त्यांना जवळ बसवून विचारा: इंजिनाचं मोठं काम पहिल्यांदा कधी निघालं? कुठे, सांगलीत की कराडला? लॉरी किती दिवस उभी होती? त्या दिवसांत रानोरानी ऑईल इंजिनं होती, त्यांतली लिस्टरच्या जातीची बहुतेक हिरवी, आणि गॅरेजमध्ये जो डबा उघडा असेल त्याच रंगाने काम उरकायची पद्धत होती. तुमच्यापासून किर्लोस्करवाडी जवळच. १९१० पासून तिथे नांगर आणि पंप घडले. इंजिन, ओतकाम, रंग या गोष्टी तुमच्या भागातल्या जुन्या माणसांना पाठ असतात. काका जे सांगतील ते वहीत लिहून घ्या आणि वलयं बघून त्याच्याशी जुळवा. थरांमध्ये हिरवा नक्की सापडेल असा माझा अंदाज आहे. सापडला की काकांना आणून दाखवा.

पुतण्याचा केशरी कुठून आला तेही सांगतो, म्हणजे घरात वाद नको. मोबाईलवर ‘शेवरलेट इंजिन’ शोधलं की व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची इंजिनं येतात. १९५५ मध्ये शेवरलेटने २६५ घनइंची व्ही-८ आणलं, त्याचा रंग केशरी. पुढे दोन दशकं तोच त्यांची ओळख होऊन बसला. तुमची लॉरी त्याच्या चार वर्षं आधीची. निळाही सापडेल त्याला: १९५३ च्या कॉर्व्हेट मोटारीत हेच २३५ घनइंची सिक्स सिलिंडर होतं, त्याला ‘ब्लू फ्लेम’ म्हणायचे आणि ते निळं रंगवलेलं. फोटो खोटे नाहीत, ती इंजिनं दुसरी आहेत. पुतण्याला फोटोंची हौस असेल तर त्याला कामाला लावा. सुटा झालेला प्रत्येक भाग, प्रत्येक वलय, प्रत्येक बोल्ट, शेजारी पांढरा कोरा कागद ठेवून दिवसाच्या उजेडात टिपायचा. महिन्याभराने ‘ही क्लिप काळी होती की राखाडी’ असा प्रश्न हमखास पडतो, तेव्हा हेच फोटो उपयोगी पडतात.

चांदीबद्दल मिस्त्रींशी जरा सबुरीने बोला. चांदी मारायची पद्धत वाईट हेतूने आलेली नाही. ती स्वस्त, एका हातात झाकते, इंजिन लगेच नवं दिसतं. पण साध्या ॲल्युमिनियम पेंटवर तेल लागलं की डाग बसतो, पुसलं की हाताला चांदी लागते आणि दोन वर्षांत सगळं काळपट होतं. चांगल्या मिस्त्रीने मेहनतीने जुळवलेल्या इंजिनावर ती मारू नये असं मला मनापासून वाटतं. तुमचा लाल त्याहून टिकेल. पण १९५१ ची शेवरलेट लॉरी, बॉनेट उघडलं आणि आत लाल इंजिन, तर जाणकाराची नजर तिथेच अडकेल आणि बाकीचं सगळं काम तो संशयाने बघेल. लाल रंग लॉरीच्या कपाळावर घ्या, ‘श्री’ लिहायला घ्या, इंजिनाला नको.

शेड जुळवायची कशी? साईड कव्हर सोडवा आणि त्यावरची एक स्वच्छ, आतली, न पिवळलेली जागा वॉटर पेपरने हलकी उजळा. तो पत्रा घेऊन सांगलीत ऑटोमोबाईल रंगांच्या दुकानात जा, जिथे कॉम्प्युटरवर शेड जुळवून देतात. मोबाईलवरचा फोटो नेऊ नका. यंत्राने दिलेला रंग पहिल्यांदाच बरोबर येईल असं धरू नका. शंभर मिली करून घ्या, टाकाऊ पत्र्यावर मारा, वाळू द्या, मग मूळ जागेशेजारी धरून बघा, एकदा उन्हात, एकदा सावलीत. रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, म्हणून ओला असताना निर्णय देऊ नका. चमकही ठरवून घ्या. आजच्या मोटारींसारखी काचेची चमक त्या इंजिनाला नव्हती. अर्धी चमक सांगा, दुकानदाराला कळतं. पूर्ण इंजिनाला लिटरभरात काम होतं.

आता रंगाच्या जातीकडे. एनसी रंग, म्हणजे थिनरचा जुना लॅकर, इंजिनावर नको. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकलं की तो विरघळतो आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने तर आणखीच लवकर. (जाता जाता: त्याच पेट्रोलने फ्युएल पंपाचा जुना रबरी पडदाही खराब होतो. तो बदलून घ्या.) साधं सिंथेटिक इनॅमल, जे आपण दारं-खिडक्यांना मारतो, ते ब्लॉकची उष्णता कशीबशी सोसतं पण पेट्रोलपुढे टिकत नाही, शिवाय पिवळं पडतं. हार्डनर घालून मारायचा दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घ्या आणि खाली एपॉक्सी प्रायमरचा एक पातळ हात. चालू इंजिनाचा ब्लॉक नव्वद-शंभर अंशांच्या आसपास तापतो, तेवढं पीयू आरामात सोसतो, तेल-पेट्रोलही सोसतो. मात्र त्या हार्डनरची वाफ फुफ्फुसाला घातक आहे. तोंडाला रुमाल बांधून मारायचा रंग तो नव्हे. पेंटरला वाफेसाठीचा कार्ट्रिजचा मास्क द्या, नसेल तर विकत आणून द्या, आणि बंद वखारीत फवारणी होऊ देऊ नका. या एका बाबतीत कुणाचंही ‘चालतंय की’ ऐकू नका.

रंगाआधीची सफाई रंगाहून महत्त्वाची. कॉस्टिक नको म्हटलं ते फक्त वलयांसाठी नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग खातं, कार्ब्युरेटर किंवा फ्युएल पंप चुकून त्याच टाकीत गेला तर परत येताना ओळखू येणार नाही. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडमध्ये व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ मिश्रधातू, ओतलेलं असतं, तेही टाकीपासून लांबच ठेवा. वलयं, फोटो, शेड असं सगळं हातात आल्यावर, ब्लॉक पूर्ण रिकामा असेल आणि मिस्त्री हटूनच बसले तर एक वेळ टाकीत घालू द्या, पण मला डिझेल, कडक ब्रश आणि मग धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी एवढ्यावर भागेल असं वाटतं. सँड ब्लास्टिंग जोडलेल्या इंजिनावर कदापि नको. वाळूचा एक कण आत राहिला तरी बेअरिंगची वाट लागते. पुराच्या पाण्याने जिथे गंज धरलाय तिथे फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावा, धुवा, ब्लोअरने वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडं लोखंड रात्रीत तांबूस होतं. पाण्याच्या जॅकेटमध्येही, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी खेळतं त्या पोकळीत, कृष्णेचा गाळ असणार. ब्लॉकचे पाण्याचे प्लग काढून तो काढल्याशिवाय बाहेरून कितीही सुंदर रंगवलंत तरी पहिल्याच चढाला इंजिन तापेल.

आणि लांबी, म्हणजे खळगे बुजवायची पुट्टी, भरू नका. ओतीव लोखंडाला वाळूच्या साच्याचा खडबडीतपणा असतो, शिवण असते, कुठे कुठे बारीक खळगे असतात. पेंटरचा हात शिवशिवतो, त्याला ते गुळगुळीत करायचं असतं. करू देऊ नका. तो खडबडीतपणा घडवणाऱ्यांच्या हाताची खूण आहे आणि लांबी उष्णतेने तडकते ती वेगळीच. टॅपेट कव्हर आणि साईड कव्हर पलूसच्या एमआयडीसीतून पावडर कोटिंग करून आणू असंही कुणी सुचवेल. टिकाऊ होईल यात शंका नाही, पण त्याची चमक आणि शेड ब्लॉकशी कधीच जुळणार नाही. सगळे भाग एकाच डब्यातून, एकाच हाताने रंगवा.

क्रम असा ठेवा की आधी इंजिन नव्या गॅस्केटांसह पूर्ण जुळवायचं, भोकं बंद करायची आणि मग रंगवायचं. गॅस्केटच्या बैठकीवर रंग गेला तर तिथून तेल झिरपतं. जुळवून रंगवल्यावर बोल्टांची डोकीही राखाडी होतात, कारखान्यातही तसंच व्हायचं. दोन पातळ हात पुरे. नंबर ठोकलेल्या जागेवर टेप लावा, त्यावर रंगाचा जाड थर बसला आणि तपासणीत आकडा वाचता आला नाही तर कटकट होईल.

सगळंच राखाडी नसतं. डायनामो, सेल्फ स्टार्टर आणि एअर क्लीनर काळे. कार्ब्युरेटर आणि फ्युएल पंप धातूच्या अंगच्या रंगात, नुसते स्वच्छ. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर साधा कुठलाही रंग टिकत नाही. तो ब्लॉकच्या कितीतरी पट तापतो आणि पहिल्याच फेरीत धूर करतो. त्याला सहाशे अंश सोसणारा, ओतीव लोखंडासारखा दिसणारा हीट रेझिस्टंट रंग लावा किंवा नुसता घासून ठेवा. मी असतो तर घासून ठेवला असता. पुल्या आणि पंखा यांचं तुमच्याच भागांवर वलय काढून ठरवा.

लॉरी रस्त्यावर आणायचं म्हणताय म्हणून थोडं आरटीओबद्दल. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे जे नियम केले ते पन्नास वर्षांवरच्या दुचाकींसाठी आणि प्रवासी चारचाकींसाठी आहेत. मालवाहू लॉरी त्या व्याख्येत बसत नाही. तेव्हा ‘विंटेज आहे, होईल काहीतरी’ असं गृहीत न धरता कागद घेऊन आधीच सांगलीच्या आरटीओत विचारून या. इंजिनाच्या रंगाशी त्यांना देणंघेणं नसतं, नंबराशी असतं.

वलयांतून राखाडी निघाला तर राखाडीच द्या. काकांचा हिरवा मधल्या थरात निघाला तर डायनामोच्या पट्टीमागची दोन बोटं जागा तशीच सोडा, म्हणजे राखाडी, हिरवा, चांदी सगळे थर दिसतील अशी. त्यावर पारदर्शक लॅकर मारला की झालं. पट्टी बसल्यावर ती जागा झाकली जाते, पेट्रोलही तिथवर पोचत नाही आणि उद्या कुणी विचारलं तर पट्टी सोडवून पुरावा दाखवता येतो. पण वलयांतून लोखंडाला लागून हिरवा निघाला, नंबर आरसी बुकाशी जुळला आणि ओतकामाची तारीखही १९५१ च्या आतली निघाली, तर मात्र माझं राखाडीचं म्हणणं बाजूला ठेवा आणि प्रायमर मारण्याआधी वलयांचे फोटो आणि ब्लॉकवरचे सगळे आकडे मला पाठवा. मग त्या इंजिनापुरता वेगळा विचार करू.

वेळेचा हिशेब असा धरा: फवारणी भाद्रपदात पावसाची उघडीप बघून, कोरड्या दिवशी, दुपारच्या आत. पीयू हाताला काही तासांत वाळला तरी पुरता कडक व्हायला आठवडा लागतो. त्यानंतर इंजिन लॉरीत बसवा, चालू करा, गरम होऊ द्या, मिस्त्रींच्या पद्धतीने हेडचे बोल्ट पुन्हा कसा. पान्याने बोल्टांवरचा रंग उडेल, तिथे बारीक ब्रशने टिपून घ्या. उरलेला रंग काचेच्या लहान बाटलीत गच्च झाकून ठेवा, हार्डनर न मिसळता, आणि शेडचा फॉर्म्युला दुकानदाराकडून कागदावर लिहून घेऊन आरसी बुकात ठेवा. पुढच्या वेळी त्याच दुकानात तोच रंग तयार करून मिळेल.